सिंधु मॅडमच्या दारावरचा झेंडा

सिंधु मॅडम दमल्या होत्या. आता शाळेतली बाई दमली यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. या भागात न दमलेली बाई दाखवा आणि नारळ-शाल घेऊन जा. पण मॅडमचं दमणं जरा निराळं होतं. त्या स्वतःच्याच कर्तबगारीनं दमल्या होत्या. अर्धी नोकरी घासून त्यांनी एका गावाला एक गोष्ट शिकवली, आणि गाव ती इतकी पक्की शिकलं, की विसर म्हटलं तरी विसरायला तयार होईना.

गाव शिरूर अनंतपाळच्या पलीकडचं. नाव सांगून उगाच कुणाचा राग ओढवून घेण्यात अर्थ नाही. माणसं एरवी चांगली आहेत, फक्त दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही. तिथं जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. मास्तर दोनच. पहिली-दुसरी भागवत सरांकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. भागवत सर म्हणजे सावलीला सरकणारे गृहस्थ. लिंबाची सावली जिकडं जाईल तिकडं त्यांची खुर्ची जायची, आणि खुर्चीमागून पहिली-दुसरी.

मॅडम पहिल्यांदा इथं आल्या तेव्हा वर्गात पोरांपेक्षा चिमण्या जास्त. सोयाबीन काढायला आलं की निम्मा वर्ग रानात, तूर काढायला आली की उरलेला. मॅडमनी पालकसभा घेतल्या, हात जोडले, रडून पाहिलं. गावानं सगळं बघितलं आणि चहा पिऊन गेलं. मग त्यांनी झेंडा काढला. ब्लाउजच्या उरलेल्या लाल मखमलीचा तिकोनी तुकडा, त्याला सोनेरी लेस, खाली वेळूची काठी. आठवडाभर ज्या वर्गाची हजेरी जास्त, त्याच्या दाराला तो झेंडा. झेंडा कुठल्या पक्षाचा नव्हता, म्हणून तर गावात टिकला.

आणि काय टिकला! नळावर बायका भांडायला लागल्या. "तुझ्या बंड्यामुळं गेला ग आमच्या वर्गाचा झेंडा!" असं एकीनं म्हणायचं, दुसरीनं घागर आपटायची. लग्नाला निघालेली माणसं पोराला शेजारी ठेवून जायला लागली. त्यातून पोरांनीच एक पथक काढलं, उचलबांगडी पथक. सकाळी हजेरी झाली की जो गैरहजर त्याच्या घरी चौघं जायची, दोघं हाताला, दोघं पायाला, आणि बोंबलणारं पोरगं तरंगत तरंगत शाळेत. पोरांना हात लावू नये असं वरून परिपत्रक आलेलं होतं, पण पोरांनी पोरांना उचललं तर त्याला ते लागू होत नाही, असं भागवत सरांनी सावलीत बसून ठरवलं होतं.

मॅडमचं एक वाक्य तर गावाला तोंडपाठ. "सरणावर असाल तरच रजा." स्वतः मॅडमनीही कधी आजारपणाची रजा टाकली नव्हती. त्यांचे यजमान वैजनाथराव एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. ते म्हणायचे, "हिच्या रजा इतक्या साठल्यात, की सरकारनं त्यांना वेगळी खोली बांधून दिली पाहिजे."

असं सगळं झोकात चाललं होतं, आणि येळवस आली.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, लातूरकडं गावात कुत्रंही राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पांडवांची पूजा करायची, मग ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. आंबिलीचं मडकं एक, पेला एक, आणि तो हातोहात फिरतो. कुणी पाहुणा वाटेनं चालला तरी त्याला ओढून पेला लावतात. यंदा पुण्याहून आलेले पाहुणे मायंदाळ होते, आणि त्यातले बरेच खोकत होते. "पुण्याची हवाच तसली," म्हणत गावानं त्यांना आणखी एकेक पेला दिला.

दोन-चार दिवसांनी चौथीतला बजरंग शाळेत आला नाही. पथक निघालं. पथकाची म्होरकी आरती. ही पोरगी पुढे सरपंच होणार किंवा फौजदार, तिसरी वाट नाही. तिनं बजरंगला गोधडीतून काढला आणि वाजत-गाजत आणला. पोरगा भट्टीसारखा तापलेला, डोळे लाल, नाक वाहतंय.

आता मॅडमनी काय करावं? मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!"

हे 'शाब्बास' पुढे त्यांना फार महाग पडलं. बजरंग दिवसभर शेवटच्या बाकावर निजून खोकला. झेंडा दारावरच राहिला. आणि आठवडा संपायच्या आत ज्यांनी हात धरले होते ती दोघं आणि ज्यांनी पाय धरले होते ती दोघं, अशी चौघंही नाक पुसत होती. आरती सगळ्यात जोरात खोकत होती. ती कुठल्याच गोष्टीत मागं राहायची नाही.

उपकेंद्राच्या सिस्टर कमलम्मा आल्या. त्या निलंग्याकडच्या, हातात पिशवी, कपाळावर घाम. वर्गाच्या दारात उभ्या राहून त्यांनी नुसता आवाज ऐकला.

"अय्यो मॅडम, हे वर्ग हाय का खोकल्याचं भजनी मंडळ?"

"हवा बदलली ना सिस्टर."

"हवा न्हाई, फ्लू हाय. तिकडं दोन गावांत असंच चाललंय. ताप आलेलं लेकरू घरी ठेवा. गोळी न घेता एक आख्खा दिवस ताप आला न्हाई, की मगच शाळा. खिडक्या उघडा. रांजणावरचा तो एकच पेला आधी काढा. साबणानं हात धुवायला लावा." मग त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली आणि आवाज खाली आला. "आन् ही आप्पासाहेबांची सृष्टी ना? हिला दमा हाय. गेल्या साली लातूरला ऑक्सिजनवर होती, विसरलाव का? पोरी, पंप हाय ना दप्तरात? ... मॅडम, बाकीचे चार दिवस झोपून उठतील. हिला जपा."

मॅडम विसरल्या नव्हत्या. सृष्टी पहिल्या बाकावर बसून आपल्या पेन्सिलीला टोक करत होती. तिच्या मागं, बरोब्बर मानेच्या मागं, आरती खोकत होती.

संध्याकाळी आप्पासाहेब नातीला न्यायला आले. धिप्पाड म्हातारा, जुनी फटफटी, पटका सैल. मुलगा अपघातात गेलेला, सून लातूरला दवाखान्यात कामाला, आठवड्यानं यायची. घरी हे दोघंच. मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, काही दिवस सृष्टीला घरी ठेवा."

म्हातारा पटक्याचं टोक चाळवत राहिला. "ठिवलो असतो मॅडम. पण तूर काढून राहिलो, दिवसभर रानात. पोरगी घरी एकटी, आन् दम लागला तर? कुणाला हाक मारावी तिनं? रानात न्यावं तर भुसा उडतोय, त्यानं त ती पहिली खलास. हितं तुमच्या नजरेखाली असती. तुमच्या भरवशावर हाय सगळं."

भरवसा ही चीज मोठी अवघड. पोतं असतं तर खाली ठेवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जाहीर केलं, ज्याला ताप-खोकला त्यानं घरी थांबायचं. वर्गानं एकमेकांकडं बघितलं. आणि पुढच्या सकाळी सगळेच्या सगळे हजर! आजारी पोरं तर वेळेच्या आधी. मॅडम चक्रावल्या. मागाहून उलगडा झाला. गावात बातमी फिरली होती, की मॅडम परीक्षा बघून राहिल्या. नळावर एका म्हातारीनं तर पैज लावली होती, "अगं, मॅडमचा डाव हाय हा! जो घरी राहील त्याचं नाव झेंड्यातनं कटाप."

इतकंच नाही, मॅडम आता गळ्याला हात लावून ताप बघतात हे कळल्यावर आयांनी सकाळी चहाबरोबर तापाची गोळी द्यायला सुरुवात केली. पोरगं शाळेत येताना गार. खिचडी वाढेपर्यंत गोळी उतरायची आणि ताप चढायचा. पोरं आळीपाळीनं दुपारी मलूल व्हायची. मॅडमनी इतकी वर्षं शिकवलेलं गणित या बायांच्या डोक्यात नसेल असं वाटायचं, पण गोळीचा हिशोब किती चोख!

मग मॅडम शाळा सुटल्यावर घरोघर हिंडायला लागल्या. पूर्वी पोरं शाळेत आणायला याच गल्ल्यांतून हिंडल्या होत्या. तेव्हा पाय हलके होते. बजरंगच्या दारात त्या पायरीवरच टेकल्या.

बजरंगची आई डोक्यावरचा भुसा झटकत बाहेर आली. "या की मॅडम. पाणी घ्या."

तिनं पेला पुढं केला. तो आत्ताच बजरंगनं तोंड लावून ठेवलेला. मॅडमनी तो हातात धरला, पाण्याकडं बघितलं, आणि तसाच मांडीवर ठेवला.

"याला बरं वाटल्याशिवाय पाठवू नका, एवढंच सांगायला आले."

"झेंड्याचं काय मग?"

"खड्ड्यात गेला झेंडा."

बजरंगच्या आईनं तोंडाला पदर लावला. मॅडमच्या तोंडून असलं काही तिनं ऐकलं नव्हतं. "आस्सं कसं मॅडम? तुम्हीच त सांगलाव, सरणावर असाल तरच रजा. ह्याच्या मोठ्या भावाला गोवर निघालता तर तुम्ही गोधडीसकट नेलता. आम्ही काय विसरलाव?"

"चुकलं माझं."

"चुकलं कसं? तो बारावी झाला की!" तिनं पदर कमरेला खोचला. "आन् ह्याला घरी ठिवून मी रानात कशी जाऊ? शाळेत निदान खिचडी तर भेटती, आन् तुमची नजर राहती."

पुन्हा तीच नजर. सगळ्या गावाला मॅडमची नजर हवी होती. डोळे चुरचुरत होते याची चौकशी कुणी केली नाही. शेवटी असं ठरलं, की बजरंगची आजी, जिला डोळ्यांनी कमी दिसतं पण शिव्या उत्तम देता येतात, ती नातवावर पहारा करील. आणि शाळेतली खिचडी डब्यात घालून दाराबाहेर ठेवली जाईल. एका घरी हे जमलं. मग पुढचं घर. पुन्हा पायरी, पुन्हा पेला, पुन्हा तेच वाक्य त्यांच्याच तोंडावर फेकलेलं. एका घरी तर बाप म्हणाला, "मॅडम, तुमची तब्येत बरी हाय ना? लेकरं घरी ठिवा म्हणलालाव म्हणून इचारलो."

सोमवारी सकाळी मॅडम स्टुलावर चढल्या आणि त्यांनी दारावरचा झेंडा उतरवला. घडी घातली आणि कपाटात खडूंच्या खाली ठेवून दिला. वर्गात अशी शांतता पसरली, की जणू कुणीतरी गेलंय. तिसरीतली एक मुलगी मुसमुसून रडायला लागली. बातमी गावात पोचायला प्रार्थनेइतकाही वेळ लागला नाही, आणि गावाला पहिल्यांदा कळलं, की ही परीक्षा नव्हे.

भागवत सर दाराशी आले. "आमच्या दाराला लावायचा का मग? नुसताच कपाटात कशाला?"

"लावा की. तुमच्याकडं परवा किती खोकत होते?"

सरांनी मागं वळून आपल्या सावलीकडं बघितलं, आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. पण माणूस अगदीच वाया गेलेला नाही. दुपारी त्यांनी दोन्ही वर्गांचे बाक ओढून लिंबाखाली मांडले, सुटे-सुटे, आणि म्हणाले, "मी कधीपासून म्हणतोय, बाहेरच बरं असतं."

राहता राहिलं पथक. ताप उतरून, वर एक दिवस घरी काढून आरती परत आली तेव्हा पथकाला कामच उरलं नव्हतं. ती मॅडमसमोर हात मागं बांधून उभी राहिली.

"मॅडम, आता आमी कुणाला उचलायचं?"

"कुणालाच नाही. आता दारात उभं राहायचं. येणाऱ्याला लांबूनच विचारायचं, ताप आहे का, खोकला आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळी खाऊन आलास का. खाल्ली असेल तर घरी."

"मोठा आसला तरी?"

"कुणीही असला तरी."

आरतीच्या चेहऱ्यावर फौजदारी उजेड पडला. त्या दिवसापासून शाळेच्या फाटकात जी चौकशी सुरू झाली तशी अहमदपूरच्या नाक्यावरही होत नसेल. पोरं खोटं बोलायची नाहीत, कारण आरती आधी त्यांच्या धाकट्या बहिणींना विचारून यायची. एकाला घरी पाठवलं, मग दुसऱ्याला. पोरं आपली-आपली चालत परत जायला लागली. सृष्टी लिंबाखाली वाऱ्याच्या कडेला बसून गणितं सोडवत होती, आणि तिच्या मागचा बाक रिकामा होता. रिकाम्या बाकाकडं बघून मॅडमना बरं वाटावं, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत पहिलाच.

त्या आठवड्यात एक दिवस मॅडम सकाळी उठल्या तर अंग मोडून आलेलं. घशात काटे. वैजनाथरावांनी कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"आज जायचं नाही."

"भागवत सर एकटे पडतील."

"पडू दे. सावलीतच पडतील."

"थोडी कणकणच आहे. गोळी घेतली की उतरते. आणि आत्ता कुठं गाव ऐकायला लागलंय, आत्ताच मी घरी बसले तर..."

त्यांनी चहाबरोबर गोळी घेतली. पदर नाकापाशी धरला. इतक्या वर्षांत घरी बसून दिवसभर काय करतात हेच त्यांना माहीत नव्हतं. वैजनाथरावांनी स्कूटी काढली. एरवी मॅडम स्वतःच जायच्या. "आज मी सोडतो," एवढंच म्हणाले. शाळेपाशी त्यांनी स्कूटी उभी केली, पण बंद केली नाही. मॅडमच्या ते ध्यानात आलं नाही.

फाटकात आरती. मॅडम तिच्या डोक्यावरून हात फिरवून आत जाणार, एवढ्यात खोकल्याची उबळ आली. त्यांनी कोपरात तोंड लपवलं, बरोब्बर शिकवल्यासारखं.

आरती बाजूला झाली नाही.

"मॅडम, खोकला हाय?"

"घसा बसलाय ग. हो बाजूला."

"ताप?"

"काही नाही."

आरतीनं एकदा मागं बघितलं. लिंबाखाली पहिल्या बाकावर सृष्टी दप्तर उघडत होती. मॅडमना बघून तिनं हात हलवला. नुकतेच तिला सोडून आप्पासाहेब फटफटीला किक मारत होते, ते थांबले. आरतीचा ओठ थरथरायला लागला, कारण कितीही झालं तरी समोर मॅडम होत्या. पण ती हलली नाही.

"मॅडम... गोळी खाऊन आलाव का?"

आता खोटं बोलणं काही अवघड नव्हतं. अख्ख्या गावाच्या आयांनी ते करून दाखवलं होतं. एक 'नाही' म्हटलं की फाटक मोकळं. पण मॅडमनी सृष्टीकडं बघितलं. त्या रोज तिच्या वहीवर वाकून गणितं तपासायच्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळून. ताप असलेला प्रत्येक जण त्यांनी या पोरीपासून लांब ठेवला होता, आणि आज तोच ताप स्वतः घेऊन, साडी नेसून, वेळेवर हजर झाल्या होत्या. सगळ्या गावात शेवटी हट्टी राहिलं होतं ते एकच माणूस.

"हो," मॅडम म्हणाल्या. "खाऊन आले."

"मग घरी जा," आरती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"रडू नको. बरोबर केलंस." त्यांचा हात तिच्या गालाकडं गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला. शाब्बास म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण तो शब्द त्यांनी आता जरा जपून वापरायचं ठरवलं होतं.

आप्पासाहेबांनी लांबूनच पटक्याला हात लावला. "जावा मॅडम. निजा निवांत. नजर ठिवायला हितं लई झालेत आता."

मागं स्कूटी सुरूच होती. वैजनाथराव आरशात बघून मिशीत हसत होते.

"तुम्ही गेला नाहीत?"

"गाडी परतीची आहे हे कंडक्टरला आधी कळतं. बसा. पुढच्या सीटवरच्या प्रवाशाकडं तोंड करून खोकू नये." आणि ते तोंडानंच म्हणाले, "टिंग टिंग."

मॅडम घरी आल्या आणि जशा पडल्या तशा झोपल्या. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून पायथ्याशी आलं होतं. आपल्या घरात या वेळी ऊन इथं येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारी झाकलेली पेज, आणि एक वेगळा ठेवलेला पेला. फोन वाजत होता.

"भागवत बोलतोय. झोपमोड झाली का?"

"सृष्टी?"

"ठणठणीत. खिचडी दोनदा घेतली तिनं. तुमच्या आरतीनं मलासुद्धा फाटकात उभं केलं, मॅडम. मी म्हणालो, अगं, मी मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळतो. ती म्हणाली, आसू दे, कुणीबी आसला तरी." ते जरा घुटमळले. "उद्याचं काय? मी घेईन दोन्ही वर्ग. पण पोरं विचारत होती, आज मॅडमच गैरहजर, मग कुणाला आणायला पाठवायचं?"

"मग?"

"मी म्हणालो, कुणीच जायचं नाही."

मॅडमनी फोन ठेवला. "रजेचा अर्ज लिहायचा राहिला," त्या म्हणाल्या.

"मी लिहिलाय," वैजनाथराव दारातूनच, हातभर लांबून म्हणाले. "सही तेवढी उद्या करा."

पण मॅडमनी ते ऐकलं नाही. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं आणि पांघरूण कानावर ओढलं होतं.